तळं उभं राहिलं तेव्हाचा चिखल

बोलतोय तो मी चिखल आहे. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर अर्ध्यात आल्यावर कोणीतरी नाक मुरडतं.

तसा मी रस्त्यावरचा, चपलांना लागणारा चिखल नव्हे. एका खोल तळ्याच्या तळाचा गाळ आहे मी. लांबी एका माणसाएवढी, जाडी मनगटापेक्षा थोडी जास्त. मला उभं चिरून दोन भाग केलेत आणि प्रत्येक भाग प्लॅस्टिकच्या अर्ध्या नळीत निजवलाय. नळीवर चिठ्ठी आहे. तिच्यावर एक आकडा, एक बाण आणि 'वरची बाजू' असे शब्द. माझं डोकं कुठे आणि पाय कुठे हे माणसं विसरतात, म्हणून तो बाण.

प्रयोगशाळेच्या थंड खोलीत माझ्यासारखे पुष्कळ जण फळ्यांवर आडवे आहेत. कोणी पहिल्यांदाच आत आलं की दारात जरा थबकतं. झाडणाऱ्या बाई तर आत येताना मोठ्याने खोकतात, झोपलेल्या माणसांच्या खोलीत जावं तशा.

माझा जन्म एका दिवसाचा नाही. दर वर्षी पावसात ओढे तळ्याला मिळत आणि तपकिरी धूळ हळूहळू खाली बसे. कोरड्या दिवसांत पाणी निवळलं की तिच्यावर फिकट साय धरे. एक गडद, एक फिकट, मिळून एक वर्ष. त्याची जाडी केसाएवढी. असा मी केसाकेसाने वाढलो. तिथे वारा नाही, लाट नाही, मासेही फारसे उतरत नाहीत. काहीच घडत नाही, आणि काही घडत नसतं तेव्हाच सगळं नीट लिहिलं जातं.

मग एक दिवस तळाशी उजेड आला.

उजेड म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. तो वरून आला आणि सरकत सरकत निघून गेला. घराबाहेरून कोणी मशाल घेऊन धावत जावं आणि आतल्या भिंतीवर खिडकीचा चौकोन पळावा, तसा. मग तळ हादरला. मग पाण्यातून काहीतरी बारीक बारीक खाली येऊ लागलं. काचेचे मणी. खसखशीएवढे, गोल, काळपट हिरवे. एका दिवसात इतके आले की माझ्या अंगावर त्यांची काळी रेघ उमटली.

त्यानंतर जे झालं त्यात माझी कित्येक वर्षं फाटली. वरची पानं उखडली. मुळ्या, राख, शिंपले, सगळं घुसळून माझ्यावर येऊन पडलं. आजही तो वीतभर पट्टा माझ्या अंगावर दिसतो. त्यात वर्षं नाहीत, नुसती राड आहे.

पुढे पुन्हा शांत झालं आणि मी पुन्हा केसाकेसाने वाढू लागलो.

माणसांची बाजू मला फार उशिरा कळली, आणि तीही ऐकूनच. चिखलासमोर लोक मोकळेपणाने बोलतात.

माझ्या तळ्याच्या एका काठाला वस्ती आहे आणि दुसऱ्या काठाला शाळा. त्या शाळेत एक भूगोलाचे मास्तर होते. रोज सकाळी नावेतून शाळेत जात. तेव्हा नाव चालवणारा त्यांच्याच वयाचा होता, विशीतला. कमी पाण्याच्या वर्षी त्या तळ्यात खाली जुन्या भिंती दिसतात. विटांच्या, सरळ रेषेत. जाळी त्यांना अडकून फाटतात. मास्तरांनी एकदा वाकून त्या भिंती पाहिल्या आणि विचारलं, "हे काय रे?"

नावाडी म्हणाला, "ते जुनं गाव." आणि मग त्याने आपल्या घरात चालत आलेली एक गोष्ट सांगितली.

ती मास्तरांनी त्याच दिवशी वहीत उतरवली. एका सकाळी आकाशात दुसरा सूर्य उगवला. प्रत्येकाला दोन सावल्या झाल्या. एक जागेवर राहिली आणि दुसरी पायाभोवती गर्रकन फिरली. पाखरं उडायची सोडून जमिनीवरून चालू लागली. मग कानांना काही ऐकू येईना. मग तळं उभं राहिलं, आणि गाव बुडालं.

त्या एका पानाने मास्तरांचं आयुष्य पालटलं. आकाशातून दगड पडला, त्याने पाणी उसळलं आणि अख्खं गाव एका दिवसात गेलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. जगभर जिथे जिथे बुडालेल्या नगरांच्या गोष्टी सांगतात, तिथे तिथे कदाचित असंच झालं असेल. त्यांनी विद्यापीठांना पत्रं लिहिली. उत्तरं आली नाहीत, किंवा दोन ओळींची आली. वर्गात नद्या शिकवता शिकवता ते उल्कांवर घसरत. मुलांनी त्यांचं नाव 'उल्कामास्तर' ठेवलं. हळूहळू मुलांचे आईबापही तेच म्हणू लागले. रस्त्यात कोणी आकाशाकडे बोट दाखवून "मास्तर, आला हो!" असं ओरडलं की त्यांची लहान मुलगी त्यांचा हात घट्ट धरी.

ती मुलगी मोठी झाली आणि दगडमातीच्या शास्त्रात शिरली. वस्तीत तिला सगळे ताई म्हणतात. मला तळ्यातून वर काढलं ते तिनेच.

त्या दिवशी ताईने दोन नावा शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या होत्या. नावाडी तोच, पण आता त्याच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या. नळी खाली सोडण्याआधी तो म्हणाला, "ताई, इथेच कशाला? जरा पलीकडे घ्या ना."

"इथे सगळ्यात खोल आहे काका. गाळ शांत बसलेला मिळेल."

"शांत," नावाडी म्हणाला, आणि त्याने वल्हं आत ओढून घेतलं.

नळी माझ्यात शिरली. दुखलं का, असं विचाराल तर दुखणं मला ठाऊक नाही. पण माझ्या एका भागाला कळलं की आता बाकीचं आपल्यासोबत येणार नाही. हजारो वर्षं ज्याला चिकटून होतो ते सगळं खालीच राहिलं. मी वर आलो, आणि पहिली गोष्ट मला कळली ती म्हणजे वजन. पाण्याखाली मला वजन नव्हतं.

प्रयोगशाळेत मला चिरलं ते करवतकाकांनी. त्यांचं काम तेवढंच. नळी कापायची, मग ताणलेल्या तारेने आतला गाळ दुभागायचा. तीस वर्षं ते हे करतात, आणि दर वेळी तार ओढण्याआधी पुटपुटतात, "चला, उघडा बघू."

मी उघडलो. ताई माझ्यावर भिंग धरून इंचाइंचाने सरकू लागली. काळ्या रेघेपाशी थांबली. सुईने एक कण उचलून काचपट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ तिने डोळा काढला नाही.

"काका, जरा तुम्ही बघता का? मला वाटतं मला हवं तेच दिसतंय."

करवतकाकांनी पाहिलं. "मणी आहेत मॅडम. काचेचे. गोल गरगरीत."

तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू आला नाही, फक्त तिचा. "बाबा, मणी सापडले. हो. हो, वितळलेली काच. आणि वर हातभर अंतरावर विटांचा चुरा आहे, लाल. नाही, मधे नुसता गाळ दिसतोय, पुराचाच असणार. बाबा? बाबा, रडताय का?"

तपासण्या व्हायच्या होत्या. पण मास्तरांना कुठला धीर निघतोय! चाळीस वर्षं त्यांनी लोकांचं हसू सोसलं होतं आणि आता त्यांचं हृदय थकलं होतं. जिना चढताना मधे बसावं लागे. त्यांनी वस्तीभर सांगितलं. ज्यांनी त्यांना उल्कामास्तर म्हणून चिडवलं होतं, तेच आता बाप झालेले, घरी येऊन पाया पडून गेले. शाळेने सभागृहात सत्कार ठरवला, तारीखही जाहीर केली.

ताईने इकडे मण्यांची काच तपासली. ज्वालामुखीची नव्हती, भट्टीची नव्हती. आकाशातून आलेल्या आगीचीच होती. मग माझी हातभर जागा उरली. काळ्या राडीच्या वर आणि लाल चुऱ्याच्या खाली जो करडा, एकसारखा गाळ होता, तो. नुसत्या डोळ्यांनी तो एका दिवसात ओतल्यासारखाच दिसतो. तिने त्याची पातळ चकती कापली, राळेत बुडवून कडक केली, घासून घासून काचेसारखी पारदर्शक केली आणि खालून दिवा लावला.

आत पानं होती. एक गडद, एक फिकट. एक गडद, एक फिकट.

तिने मोजायला सुरुवात केली. शंभरावर टाचणी लावली, पुढच्या शंभरावर दुसरी. तीन दिवस ती मोजत होती. मधे एकदा थांबून म्हणाली, "चुकतंय," आणि पहिल्यापासून मोजलं. करवतकाकांनी वेगळं मोजलं. कोळशाचे कण दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले होते, त्यांचाही आकडा आला. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे होते.

आठ हजार वर्षं.

तारा पडला आणि त्यानंतर आठ हजार वर्षांनी ते गाव बुडालं. पाणी वर्षावर्षाने चढत गेलं, लोक सामान उचलून वर सरकत गेले. विटांच्या चुऱ्यात एकही मणी नव्हता. कोणी किंचाळल्याची खूण नव्हती. मला विचारलं असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, पण चिखलाला विचारायची रीत म्हणजे टाचण्या.

सत्काराला नऊ दिवस उरले होते.

दुपारची जेवणाची सुट्टी होती. करवतकाका डबा घेऊन बाहेर गेले होते. ताई माझ्याजवळ आली. तिने काळ्या रेघेतून सुईच्या टोकावर एक मणी उचलला. वाटलं, पुन्हा तपासणार असेल. पण ती सुई माझ्यावरून सरकत सरकत वर आली, एकेक शतक ओलांडत, आणि लाल चुऱ्याच्या पट्ट्यावर येऊन थांबली.

तिचा श्वास मला लागत होता. तिने सुई दाबली.

एका मण्याने माझ्या अंगावरची आठ हजार वर्षं पुसली. किती हलकं काम ते! तिथला गाळ मऊ होता, मणी सहज आत गेला. वरून ओल्या बोटाने तिने तो लिंपला. आता कोणीही भिंग लावलं असतं तर म्हटलं असतं, 'हा बघा, विटांच्या चुऱ्यात मणी. मास्तर बरोबर होते.'

ती मागे सरली. हात धुवायला गेली. पाण्याचा आवाज आला, थांबला. ती दारापर्यंत पोचली होती. मी आयुष्यभर खोटं कधी अंगावर घेतलं नव्हतं. जे पडलं ते पडलं, जसं पडलं तसं. तो एक मणी मला दगडाएवढा लागत होता.

पावलं परत आली. तिने मणी शोधून काढला. लिंपलेलं होतं, त्यामुळे जरा वेळ लागला. काढला आणि टेबलावर हात टेकून उभी राहिली.

करवतकाका आले. त्यांची नजर तीस वर्षांची. "मॅडम, हे छिद्र कसलं?"

"माझं. तिथे एक मणी ठेवला होता मी. काढला."

काकांनी छिद्र पुन्हा एकदा वाकून पाहिलं. मग त्यांनी माझ्या नावाची नोंदवही ओढली. "नोंद करू?"

"करा."

त्यांनी लिहिलं, 'लाल थरात सुईचं छिद्र, संशोधकाकडून.' आणि वही मिटताना म्हणाले, "डबा खाल्लात का? नाही ना. माझ्यात दोघांना पुरेल."

दुसऱ्या सकाळी तिने माझा अर्धा भाग ओल्या कापडात गुंडाळला आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. मास्तरांच्या घरी जेवणाच्या टेबलावर मला आडवं ठेवलं. टेबल लहान होतं. माझे पाय बाहेर आले, त्याखाली मास्तरांनी स्वतः खुर्ची सरकवली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते नजर न हलवता. "हाच तो?"

"बाबा, आधी बसा."

"बसलोय की. बोल."

तिने सगळं सांगितलं. पानं, टाचण्या, आठ हजार. मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा मोज."

"दोनदा मोजलं. काकांनीही मोजलं."

"मग नळी चुकीच्या जागी गेली असेल."

"बाबा."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "चाळीस वर्षं," ते म्हणाले. "अगं, तुझ्या आईने मला म्हटलं होतं, एकदा तरी म्हणा ना की नक्की माहीत नाही. लोक गप्प बसतील. मी म्हटलं नाही. आणि तू आता येऊन..." त्यांना दम लागला. ताई उठली, त्यांनी हाताने तिला बसवलं.

तिने तेव्हाच सांगून टाकलं. "मी तुमच्यासाठी मणी हलवला होता. लाल थरात ठेवला. मग काढला."

मास्तरांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले, माझ्यापाशी आले आणि वाकून त्यांनी ते छिद्र शोधलं. चष्मा वर करून, नाक जवळजवळ मला लावून. सापडल्यावर तसेच राहिले.

"बरं झालं काढलास," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, अगदी वर्गात विचारावं तशा आवाजात, "मग मला एक सांग. तारा पडला तेव्हा इथे गाव नव्हतं. बरोबर? मग तो पाहिला कोणी?"

"कोणी पाहिला असेलच असं नाही. पुढे लोकांना काठावर मणी सापडले असतील, त्यावरून गोष्ट रचली असेल. बुडलेल्या भिंती दिसल्या, त्या जोडल्या."

"मण्यांवरून आग सुचेल. मोठा आवाजही सुचेल. पण सावली?" त्यांनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि त्याच्याभोवती बोट फिरवलं. "सावली फिरली म्हणजे उजेड आकाशातून धावत होता. उभ्या माणसाला ते स्वतःच्या पायापाशी दिसलं. हे घरी बसून कोणाला सुचतं गं?"

ताईने पेल्याभोवती स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. त्या खोलीत एकाएकी आणखी कोणीतरी असल्यासारखं वाटू लागलं. दोघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली.

"हं," मास्तर म्हणाले. "सत्कार होऊ दे. मला तिथे बोलायचंय. आणि याला घेऊन ये."

सभागृह म्हणजे शाळेची मोठी खोली. सकाळची वेळ, खिडक्यांतून तळं दिसत होतं. बाकं मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मला समोर दोन टेबलं जोडून ठेवलं होतं. येणारा जाणारा वाकून बघे आणि "हे एवढंच?" असा चेहरा करून जागेवर जाई.

मुख्याध्यापकांनी कौतुक केलं. टाळ्या झाल्या. मास्तर खुर्चीवरूनच बोलले, उभं राहवत नव्हतं.

"तारा पडला होता. ते खरं निघालं. पण त्याने गाव बुडवलं नाही. मधे आठ हजार वर्षं आहेत. मी चाळीस वर्षं तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझ्या मुलीने ते शोधून काढलं, म्हणून टाळ्या वाजवायच्या तर तिच्यासाठी वाजवा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावर कोणीतरी फसकन हसलं. मुख्याध्यापक घसा खाकरून पुढे काय बोलावं ते शोधू लागले. ताई खाली मान घालून माझ्या चिठ्ठीचा सुटलेला कोपरा दाबत बसली होती.

तेवढ्यात भिंतीशी उभा असलेला नावाडी म्हणाला, "मास्तर, पण आमच्या गोष्टीत गाव बुडत नाही."

"काय?"

"गाव नाहीच त्यात. मी तुम्हाला कधी म्हटलं गाव बुडालं? 'तळं उभं राहिलं' इथवर मी आलो होतो, तेवढ्यात तुमच्या शाळेची घंटा झाली. तुम्ही नावेतून उडी मारून पळालात. पुढचं तुम्ही कधी विचारलंच नाही."

बाकांवरची सगळी डोकी मास्तरांकडे वळली. मास्तरांचे ओठ हलले. "मग सांग," ते म्हणाले. "आता घंटा नाही."

नावाडी पुढे आला नाही. तिथूनच, लोकांकडे न बघता, खिडकीकडे बघत बोलला.

"तळं उभं राहिलं, म्हणजे पाणी सगळं पलीकडे गेलं, डोंगराच्या अंगाला, भिंतीसारखं. इकडे तळ उघडा पडला. मासे तडफडत होते. दोघी बहिणी होत्या, घरात खायला नव्हतं. त्या टोपल्या घेऊन खाली उतरल्या मासे वेचायला. वेचत वेचत मधोमध गेल्या. धाकटीचा पाय रुतला. थोरली ओढत होती. आणि पाणी परत फिरलं."

तो थांबला.

"थोरलीने हात सोडला. ती वाचली. आम्ही तिची माणसं. ती म्हातारी होईपर्यंत रोज नावेतून मधोमध जाऊन हेच सांगायची म्हणतात, आणि आम्हीही ती नावेतच सांगतो. सांगताना शेवटी नेहमी एकच म्हणायची. चिखल कोमट होता."

ताईने हळूच विचारलं, "काका, ही गोष्ट तुम्ही फक्त नावेतच का सांगता? घरी का नाही?"

"तिला ऐकू जावी म्हणून."

"कोणाला?"

"धाकटीला," नावाडी म्हणाला. "आज पहिल्यांदा जमिनीवर सांगितली. मास्तरांनी चूक कबूल केली, मग मलाही गप्प राहवेना."

मास्तर खुर्चीतून उठले. चार पावलं चालून भिंतीपाशी गेले, आणि नावाड्याचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. दोघंही म्हातारे. मागच्या बाकावरून पुन्हा हसू आलं नाही. ताई बसल्या जागेवरून उठून माझ्यापाशी आली होती. तिने राडीच्या पट्ट्यावर तळहात ठेवला होता. मी अर्थातच थंड होतो.

पुढच्या वर्षी मास्तर गेले. शेवटचे काही महिने ते रोज नावेतून पलीकडे जात आणि परत येत, शाळेत काही काम नसताना. ताईने निबंध लिहून छापला. त्यात मणी आहेत, पानं आहेत, आठ हजार आहेत, आणि सुईचं छिद्रही आहे. नावाड्याची गोष्टही आहे, त्याच्या शब्दांत, शेवटपर्यंत. तिच्याखाली ताईने एकच वाक्य लिहिलंय, 'हे इतकी वर्षं कसं टिकलं असेल, किंवा टिकलं असेल का, मला माहीत नाही.' मोठमोठ्या लोकांनी त्या वाक्यावरून तिला खूप टोकलं. तिने ते काढलं नाही.

मी मात्र इथे फळीवर आहे. कडेने वाळत चाललोय, वरचा भाग तडकलाय. अजून काही वर्षांनी माझ्यातलं काहीच वाचता येणार नाही. म्हणून आता, आवाज आहे तोवर, जे कोणी विचारलं नाही ते सांगतो.

त्या दिवशी माझ्यावरचं पाणी खरोखर निघून गेलं होतं. मी आकाश पाहिलं. ते काळं होतं आणि त्याच्या कडा जळत होत्या. आणि माझ्यावर पावलं पडली, चार, अनवाणी. तळाच्या चिखलाला त्याआधी कोणाचा पाय लागला नव्हता. मला वाटलं हेही वरून पडणारंच काही असेल. मी धरून ठेवलं. मला दुसरं काही येत नाही. जे माझ्यावर पडतं ते मी धरून ठेवतो.

मग तीन पावलं उचलली गेली.

नंतर किती वर्षं गेली ते तुम्ही मोजलंच आहे. माझ्या डोक्यावरून नाव जाई आणि मधोमध आली की वर कोणीतरी बोलू लागे. शब्द मला कळत नसत. भाषा तर कितीदा बदलली. पण दर वेळी थांबायच्या जागा त्याच, लांबी तीच, आणि शेवटी तोच उतरता आवाज. माझ्यात काहीतरी त्या आवाजाला कान देऊन असायचं. ते मी नव्हतो.

पुन्हा तळ्यावर कोणी जाणार असाल, तर मला जिथून काढलं त्या भोकापासून वीतभर डावीकडे नळी लावू नका. लावायचीच असेल तर फार हळू उतरवा, आणि उतरवताना काहीतरी बोलत राहा, काहीही. तिथे एका मुलीचं पाऊल आहे. ते मी अजून सोडलेलं नाही.